सातवा महिना

३ जून
आले एकदाची सासरी. माहेरी आता कोणी नाही, म्हणून बाळंतपण इथेच. दोन बॅगा, शिलाई मशीन आणि पोटात पाचव्या महिन्याचं बाळ. घर ऐसपैस, माणसं ठणठणीत. आजेसासूबाई जिना दडदड चढतात, त्यांच्या सासूबाई चष्म्याशिवाय सुई ओवतात. घरच्या औषधाने इथे कोणाचं वय वाढत नाही, असं नवरा म्हणाला. मग मलाही द्या की, म्हटलं. सासूबाईंनी लगेच कप आणला. कडूजहर. जाऊबाईंना सातवा आहे. म्हणजे माझ्या बाळाला सोबत मिळणार.

१९ जुलै
लोकांची मापं घेण्यात माझा जन्म गेला, स्वतःचं कसं चुकेन? पोट तेवढंच आहे. सासूबाई म्हणतात, पहिलटकरणीचं असंच असतं. रोजचा कप मात्र त्या समोर उभ्या राहून पाजतात.

२ सप्टेंबर
टेप हलत नाही. जाऊबाईंना विचारलं, कितवा? सातवा, म्हणाल्या. जूनमध्येही सातवाच होता. त्यांनी बाळासाठी विणलेल्या कपड्यांची पेटी उघडली. तळातलं टोपडं उचललं तर हातातच विरलं. कोणाचं हे, विचारलं. याचंच, म्हणाल्या आणि पोटावरून हात फिरवला.

३ सप्टेंबर
नवऱ्याशी कडाक्याचं भांडले. तो शांत. म्हणाला, जन्मलं की वाढेल, वाढलं की कधीतरी जाईल. त्यापेक्षा आत सुखरूप आहे, घाई कसली?

मला घाई आहे. मला त्याचं तोंड बघायचंय.

८ सप्टेंबर
सासूबाईंची पाठ वळली की औषध कुंडीत ओतते. तिथली कळी तेव्हापासून उमललेली नाही. जाऊबाईंनी पाहिलं. आपलाही कप ओतला.

२० सप्टेंबर
टेप सरकली. बोटभर. पण जाऊबाईंचे केस पांढरे, दात हलताहेत. औषध पुन्हा घ्या म्हणून पाया पडले. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं, विणत राहिल्या.

१ ऑक्टोबर
जाऊबाईंना कळा. मी आतून कडी घातलीय. बाहेर सगळं घर —

मुलगी. काय रडली. जाऊबाईंनी तिला डोळे भरून पाहिलं, टोपडं घातलं, आणि —

हात गार आहे. उठत नाहीत.

बाळ माझ्या मांडीवर. कडी निसटतेय. फटीतून सासूबाई दिसताहेत. गोड बोलताहेत. हातात माझा कप. आणि बाळासाठी एक छोटा चम—