पुस्तिकेच्या पाठीवर गाड्यांच्या वेळा

अव्वा, तुझी पुस्तिका पुन्हा छापायची म्हणताहेत. शेजारच्या सूनबाईला जुनी प्रत कुठंतरी मिळाली. तिनं तिच्या पानांचे फोटो मोबाइलच्या ग्रुपवर फिरवले आणि परवा दुपारी माझ्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, प्रस्तावना तुमीच लिहायची. तुमच्याइतका हक्क कुणाचा हाय?" मी हो म्हणून बसले. आता कागद पुढं ओढला, तर प्रस्तावना राहिली बाजूला आणि तुलाच लिहायला लागले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. रागावलेला मात्र लगेच आठवतो.

अप्पा गेले तेव्हा बांगड्या फोडायला आलेल्या बायकांना तू उंबऱ्यावरूनच परत पाठवलंस. तेवढ्यावर भागलं असतं, पण तू ते छापून काढलंस. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसू नका, बांगड्या फोडू नका, लग्नकार्यात तिला मागं बसवू नका, आपल्या शरणांनी, वचनं लिहिणाऱ्या संतांनी, सांगितलेला धर्म हा नव्हे. त्यात होतं ते एवढंच, पण पाहुण्यांत त्यानं आग लागली. कुणी आपल्याला लग्नाला बोलवेना. तू म्हणालीस, "बरं झालं, तेवढाच येळ वाचला," आणि गठ्ठा पिशवीत भरून मला घेऊन मंद्रूपच्या बाजाराला निघालीस.

मुखपृष्ठावर शिवलिंगाचं चित्र होतं. लोक पुस्तिका दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे, आणि तुझा चेहरा असा फुलायचा की जणू क्रांती आता संध्याकाळच्या एसटीनं येते आहे. पुढं एका बाजाराला आपण मुद्दाम एकीच्या घरी गेलो. पुस्तिका देव्हाऱ्यात. वर भस्माचे पट्टे, ताजं फूल. पानांच्या जोडलेल्या कडासुद्धा कुणी कापलेल्या नव्हत्या. ती बाई मोठ्या कौतुकानं सांगते आहे, "रोज पूजा करते की अक्का. तुमचं पुस्तक लई पावलं आमाला. म्हस व्याली, रेडी झाली." आणि तू तिथंच कडाडतेस, "आगं बाई, पूजा कराया न्हाय दिलं, वाचाया दिलंय!" त्या बिचारीनं घाबरून पुन्हा हात जोडले, पुस्तिकेला की तुला, कोण जाणे.

पुढच्या खेपेला तू चित्रच काढून टाकलंस. नुसती अक्षरं. देव गेला तशी भीतीही गेली, आणि पुस्तिका थेट रद्दीत. बाजारात शेंगदाण्याचा पुडा घेतला, तर खारे दाणे संपल्यावर तळाशी आपलंच वाक्य. मला हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस.

मग तू पाठीमागच्या पानावर मंद्रूपच्या एसटीच्या आणि सोलापूरहून कुर्डुवाडी-पुण्याकडं जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा छापल्यास. मला लाज वाटली. म्हटलं, धर्माच्या पुस्तकावर गाड्यांच्या वेळा, लोक हसतील. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "हसू देत की. गाडी बघाया हातात तर घेतील! हातात आल्यालं पान माणूस उलटून बघतंयच." आणि खरंच, पुस्तिका दाराच्या खिळ्याला टांगून राहिली. गाड्यांच्या वेळा बदलल्या की लोक नवी मागायला यायचे. तू दारातच त्यांना बसवायचीस आणि "ओदु, ओदु," म्हणत एक पान मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय सोडायची नाहीस. कानडी माणसाला मराठी पान अडलं की तूच बोट ठेवून कानडीत सांगायचीस. ज्या घरच्या लग्नांना आपल्याला बोलावणं नसायचं, त्यांतल्याच एका घरी पुढं विधवा आईनं लेकीची ओटी भरली. ते कळलं त्या दिवशी तू रडलीस, अव्वा. मला तुझा फार अभिमान वाटला, पण तो सांगायची आपल्या घरात रीत नव्हती.

सूनबाईला प्रस्तावनेत माझी गोष्ट हवी आहे. गेल्या वर्षी हे गेले, तेव्हा आमच्या थोरल्या जाऊबाई जवळ येऊन बसल्या. बाई वाईट नाहीत. हळूच म्हणाल्या, "आण बाई हात इकडं." मी हात मागं घेतला. खोलीतलं कुणीतरी म्हणालं, "आईची लेक शोभली!" तेच वाक्य आता गावभर फिरतं आहे. मुली मला भेटायला येतात, माझ्या हातांकडं बघतात, फोटो काढतात. मी आपली मान डोलावते. सूनबाई म्हणते, "काकू, त्या वेळी मनात काय आलं तेवढंच लिवा. बायकांना बळ येईल."

तिला मी लिहून देईन, तुझ्याच भाषेत, ठसठशीत. त्यातलं काही खोटं नसेल, तुझं म्हणणं मला आजही पटतं. पण हा कागद तिला दाखवणार नाही, आणि तुला तो पोचायचा नाहीच. खरं सांगते, त्या दिवशी मला तुझी पुस्तिका आठवली नाही, धर्म आठवला नाही, तूसुद्धा आठवली नाहीस. बांगड्या फुटल्या असत्या तर हे गेले असं झालं असतं. ते मला अजून मान्य नाही, अव्वा.