चौदा नियम आणि सातवा टाका

आदरणीय साडूभाऊंस,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच, कंबर अजून वाकू देत नाही). आपला गुडघा, ताईंचा खोकला आणि दुकानाचं गळकं छप्पर, तिन्हींची चौकशी या एकाच वाक्यात करून घेतो, कारण लिहायचं बरंच आहे. इकडे सगळे खुशाल. तुमची मेहुणी माझ्याशी बोलते आहे, पण कमी.

तर आपल्या शिलाई मशीन दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपला मी जे चौदा नियम घातले, त्यांचा खरा खर्च आधी मांडतो, म्हणजे मागाहून कुणी वाढवून सांगायला नको. तीन रविवार, एक कोरी वही, चष्म्याची एक काडी, आणि काजेवाल्याच्या (आपल्यातला तो, काजे करायच्या मशीनांवरून नाव पडलेला) उजव्या हाताचं पहिलं बोट. तेही सगळं नाही, नुसतं टोक, आणि डॉक्टर म्हणतात नख परत येईल. एवढ्यात भागलं. हल्ली एवढ्यात काय होतं?

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मला हे काम कुणी शिकवलं नाही. एका शिंप्याने भंगारात काढलेलं मशीन घरी आणलं, चटईवर खोललं आणि तिसऱ्या दिवशी जोडलं, तेव्हा चार स्क्रू शिल्लक होते आणि मशीन चालत होतं. ते चार स्क्रू अजून माझ्या गल्ल्यात आहेत. आज शेजारच्या खोलीत मशीन सुरू असलं तरी नुसत्या आवाजावरून मी सांगतो तेल कुठे कमी पडलंय. असा माणूस ग्रुप चालवणार तर तो तेल घातल्यासारखा चालला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं.

ग्रुप काढला तेव्हाचा हेतूही साधा होता. आपला माणूस गिऱ्हाइकाच्या घरी मशीन खोलून बसलाय आणि अडलाय, तर त्याने फोटो टाकावा, ज्याला ठाऊक असेल त्याने सांगावं, आणि गिऱ्हाईक आत जाऊन पाणी घेऊन येईपर्यंत आपला माणूस जाणकार झालेला असावा. पण व्हायचं काय, की सकाळी सातला आबा (आपल्यातले सगळ्यात जुने, हाताने फिरवायच्या मशीनपासूनचे) लिहायचे, ‘नमस्कार मंडळी, चहा झाला का?’ त्यावर साठ जण चहा झाल्याचं कळवायचे. दोघे न झाल्याचं कळवायचे, आणि का नाही झाला तेही. मग कुणाची नात नाचलेली, कुणाच्या कुंडीत मिरची आलेली. एखादा बिचारा खरोखर अडून विचारायचा की पट्टा सारखा का उतरतो, तर त्याला सतरा अंगठे आणि एक गुलाब मिळायचा.

म्हणून नियम केले. पहिल्याच नियमाने नमस्कार, सुप्रभात आणि चहा बंद. दुसऱ्याने अंगठे आणि फुलं. तिसरा असा, की प्रश्न विचारताना मशीनची कंपनी, नंबर आणि वय आधी लिहायचं. चौथा, विचारण्यापूर्वी स्वतः तासभर खटपट करायची. सहाव्याप्रमाणे उत्तर फक्त वीस वर्षं धंद्यात असलेल्यानेच द्यायचं (असे निघालो तिघे: तुम्ही, मी आणि आबा, आणि आबांवर पहिल्याच नियमाखाली कारवाई चालू होती). अकराव्याने आपसात खासगीत काही विचारायला बंदी, जे काय ते ग्रुपवर. चौदावा म्हणजे नियमांवर चर्चा नको. मी वहीतून हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा तुमची मेहुणी भाजी निवडत म्हणाली, ‘आपला संसार एवढ्या नियमांत झाला असता तर मी दुसऱ्याच दिवशी माहेरी गेले असते.’ याला मी पाठिंबा समजलो.

आबांना लेखी समज दिली, तर ते दुकानात आले. खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘मग चहा झाला का हे विचारायचं कुठे?’ मी म्हटलं, घरी विचारा. ते म्हणाले, ‘घरी कोण आहे?’ याचं उत्तर नियमांत नव्हतं, म्हणून मी चष्मा काढला, आणि काडी मोडली ती तेव्हा. आबा खाली वाकले, तुटका तुकडा शोधून माझ्या हातात ठेवला आणि गेले. ग्रुपवर त्यांनी फक्त ‘समजलं’ असं लिहिलं. त्यानंतर काही नाही.

काजेवाल्याचं प्रकरण लोक वेगळं सांगतात, म्हणून मी नीट सांगतो. तो एका कारखान्यात मशीन तपासत असताना सुई बोटातून आरपार गेली आणि मशीन तिथेच अडकलं. त्याने डाव्या हाताने ग्रुपवर लिहिलं, ‘बोटात सुई. चाक कुठल्या बाजूला फिरवू?’ त्याने नमस्कार वगैरे न घालता थेट मुद्द्याचं विचारलं, याबद्दल मी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं आणि मशीनचा नंबर मागितला. नंबर मशीनच्या खालच्या बाजूला होता. तासभर खटपट केली का, हेही मी विचारलं (नियम म्हणजे नियम, मला त्याच्याशी वैर नाही). शेवटी कारखान्यातल्या झाडूवाल्या बाईंनी चाक मागे फिरवलं. त्यांना धंद्यातला एका वर्षाचाही अनुभव नाही, तेव्हा सहाव्या नियमाप्रमाणे ते उत्तर धरता येत नाही.

पण त्यानंतर ग्रुपला जी शिस्त लागली, ती बघण्यासारखी आहे. आज एकोणीस दिवस झाले, चौदापैकी एकही नियम एकदाही मोडला गेलेला नाही. असा ग्रुप मला कुणी दाखवावा.

आता माझ्या कामाचं. गणवेश शिवणाऱ्या बाईंचं मोठं मशीन मी दुरुस्तीला आणलंय. दर सातवा टाका सुटतो. सहा टाके सरळ, सातवा गायब, पुन्हा सहा सरळ. आवाज अगदी गोड. सुई बदलली, खालच्या दोऱ्याचं शटल दोनदा बदललं, दोऱ्याचा ताण सैल केला, कसला, पुन्हा सैल केला. कारण मला माहीत आहे, फक्त सापडत नाहीये. सोमवारी शाळा उघडतात, बाईंचे नव्वद गणवेश अडलेत, आणि त्या शांतपणे म्हणाल्या, ‘उद्यापर्यंत बघा, नाहीतर मी काजेवाल्याला बोलावते. त्याचं बोट बरं आहे आता.’ हे ‘उद्या’ मी चार वेळा पुढे ढकललंय. बावीस वर्षांपासूनची माझी गिऱ्हाईक आहे ती. गेली की सगळा बाजार सांगेल, याला आता दिसत नाही.

म्हणून परवा मीच ग्रुपवर प्रश्न टाकला. कंपनी, नंबर, वय, तासभराच्या जागी सहा दिवसांची खटपट, सगळं रीतसर. उत्तर आलं नाही. शिस्तीचाच हा भाग असावा असं मी धरलं.

काल तिसरं शटल आणायला सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवर आपले सात जण उभे होते, काजेवालाही होता. एकाच क्षणी सातही खिशांत टिंग वाजलं. सातांनी फोन बघितले, मग माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे. काजेवाला पट्टी बांधलेल्या बोटाने फोन पुसत हसत होता. दुकानदार चांगला माणूस, म्हणाला, ‘तुमचा सायलेंटवर असेल हो.’ माझा फोन माझ्या हातात होता आणि सायलेंटवर नव्हता. मी शटल उजेडात धरून बघत राहिलो, पण कान माझे तुम्हाला माहीत आहेत. कुणीतरी हळूच शेजाऱ्याला म्हणालं, ‘आबा विचारतायत, दुपारचा झाला का.’

बाकी विशेष काही नाही. ताईंना नमस्कार. छपराला सध्या डांबराचा कागद टाकून ठेवा. कळावे, लोभ आहेच, तो असू द्यावा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. फोन न करता टपालाने का, असं वाटेल. अकरावा नियम.

ता. क. २. नवीन ग्रुप तुम्ही काढलाय, हे ते सात जण दुकानातून बाहेर पडताना पायरीवर बोलले. तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. माझं काही म्हणणं नाही. तिथे नियम एकच आहे असं ऐकतो, की नवीन माणूस घेताना आबांची हरकत नसावी. तेव्हा आबांना माझं विचाराल का? एकदम विचारू नका, आधी चहा झाला का विचारा. आणि ते नाहीच म्हणाले, तर निदान सातव्या टाक्याचं विचारा. माझं नाव घातलंत तरी चालेल.

ता. क. ३. आपल्या जुन्या ग्रुपमध्ये सध्या दोघे आहेत. एक मी, आणि दुसरा तुमचा तो जुना नंबर, जो गेल्या वर्षी बंद झाला.