ओळीत नको

१३ डिसेंबर, शुक्रवार. आज कार्तिकै, दिव्यांचा सण. कालचा पाऊस दुपारी ओसरला, म्हणून संध्याकाळी गच्चीवर पणत्या लावल्या. भात, रसम केलं. नात नुंगंबाक्कमहून ऑफिस सुटल्यावर आली, जेवली, गेली.

अप्पा, हे कुठे पाठवायचं नाही, तरी लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याबद्दल नवं काही कळेल असं वाटलं नव्हतं. तुमचा दुसऱ्या महायुद्धातला पत्र्याचा मग अजून आहे. त्याच्या बुडावर तुम्ही खिळ्याने कोरलेलं वाळवंटातल्या विमानतळाचं नाव नातीने आज फोनवर शोधलं. "आजी, हे एअरफील्ड खरं नव्हतंच," ती म्हणाली. "डमी होतं." विमानं लाकडाची आणि कापडाची. धावपट्टी म्हणून वाळूत दिव्यांच्या दोन सरळ ओळी. खरा तळ दूर, अंधारात. शत्रूने हे दिवे पाहावेत आणि बॉम्ब इथेच टाकावेत, एवढ्यासाठी काही माणसं रोज ते लावायची आणि शेजारच्या खड्ड्यात जाऊन बसायची. फोनवरच्या फोटोत तो खड्डा आहे. आता वाळूने भरलेला. बाकी काही उरलेलं नाही.

आम्हाला तुम्ही एवढंच सांगायचात, "मी तिथे दिवे लावायचो." आई पाहुण्यांसमोर म्हणायची, "लोक लढून आले, हे दिवे लावून आले." तुम्हीही हसायचात. "मग काय, पगार त्याचाच होता गं."

अजून डोळ्यांसमोर आहे: मी आठ वर्षांची आहे. कार्तिकै आहे. टाकीपासून कठड्यापर्यंत मी दोरी धरून पणत्यांच्या दोन ओळी लावल्या आहेत, अगदी सरळ. तुम्ही रेल्वेच्या ऑफिसातून येऊन थेट वर येता. मला वाटतं, शाबासकी मिळेल. तुम्ही आधी आकाशाकडे बघता, मग अनवाणी पायाने एकेक पणती विझवत जाता. तेल सांडतं. आई म्हणते, "अय्यो, सणाचे दिवे पायाने विझवतात का कोणी? पाप लागेल."

"लागू दे," तुम्ही म्हणता. "दारातल्या कोलमच्या रांगोळीवर ठेव, जिन्यात ठेव, कुठेही ठेव पोरी. ओळीत नको."

दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड आले होते. तसेच ऑफिसला गेलात आणि येताना माझ्यासाठी पितळेचा एक दिवा आणलात. घरात मात्र तुम्ही देवधर्म न मानणारे ठरलात, ते कायमचे.

नात गेल्यावर मी ताटासमोर तशीच बसून होते. बॉम्ब तुमच्यावर पडला तर काम फत्ते, नाही पडला तर उद्या पुन्हा दिवे. आणि आम्ही हसत होतो.

मग आठवलं, वर आजही दोन ओळीच आहेत. तुमच्यानंतर दरवर्षी तशाच लावते. जिना चढून गेले. पणत्या एकेक उचलून कुंड्यांमागे, टाकीखाली, कोपऱ्यांत ठेवल्या. मीनंबाक्कमच्या विमानतळाकडे एक विमान खाली उतरत होतं. नातीला हे सांगणार नाही, पण ते दिसेनासं होईपर्यंत हातातली पणती मी तळव्याने झाकून धरली. मग उरलेलं तेल बाटलीत ओतलं आणि खाली आले.