खुब्याचं रजिस्टर, शेरा उत्तम

३ जानेवारी १९७७
आजपासून खुब्याचं रजिस्टर. मुंबईच्या डॉक्टरसाहेबांनी आमच्या जालन्याच्या दवाखान्यात ज्यांचे खुबे बदलून स्टीलचे बसवले, ते सगळे पेशंट एका जागी. केस नंबर, गाव, चालणं कसं. मी नुसता क्लार्क आहे म्हणणाऱ्यांना कळेल आता. पहिलं नाव आमच्या मायचं. घरचाच पेशंट, काम सोपं.

९ जानेवारी
गावोगाव जाणार होतो. सायकल पंक्चर, त्यात थंडी. पण डोकं चाललं. पेशंट बाजाराला येतातच की! तिथंच गाठायचं.

२० जानेवारी
कुंभार पिंपळगावचा बाजार. जयवंताबाई भेटल्या. विचारलं, कसं काय? म्हणाल्या, बरं हाय. लिहिलं, उत्तम. मेंढरंवाले रायभानमामा, तेही म्हणाले बरं हाय. उत्तम. हातात काठी होती, पण धनगराच्या हातात काठी असायचीच.

२ फेब्रुवारी
सत्यशीला म्हणते, कसं काय म्हटलं की कुणीबी बरं हायच म्हणतं, मढं तेवढं गप राहतं. बायकोला सायन्स काय सांगणार! मुद्दाम तिच्यासमोर मायला विचारलं. माय म्हणाली, बरं हाय बाबा. घ्या! उत्तम.

११ फेब्रुवारी
साहेबांचा निरोप. २६ला येतो, तक्रार असेल तेच पेशंट बोलवा, खुबा पुन्हा नीट करू. तक्रार? माझ्या रजिस्टरात? बिलकुल नाही.

१८ फेब्रुवारी
माय भिंत धरधरून मोरीपर्यंत गेली. शेरा बदलावा काय? एक खोडलं की सगळं पान घाण दिसतं. बाजारात रायभानमामा लंगडत येताना दिसले. मी गल्ली बदलली. का बदलली, माहीत नाही. माहीत आहे.

२६ फेब्रुवारी, दुपार
साहेब खूश! पाठीवर थाप. बघायला पेशंटच नाही म्हणून दुपारच्याच गाडीनं परत. आता दोन वर्षं विलायतेला.

संध्याकाळ
माय ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर. सकाळपासून बसलेली. साहेब येणार हे तिला ठाऊक, पोरगा न्यायला येईल म्हणून. तिनं विचारलं, डॉक्टरनं मला बोलावलं न्हाई का रे? मान वर होईना. म्हटलं, तुझा खुबा उत्तम आहे, तसं लिहिलंय.
माय म्हणाली, मंग बराबर असंल, तू शिकलेला हायस. आता जरा उठव मला.
एकट्याला उठवता आली नाही. सत्यशीलेला हाक मारली.