ओवशाचा फोटो

१८ जून २०२५
अकराला कोर्टात. बोर्डावर नंबर बेचाळीस. पुकारा पावणेचारला. त्याचा वकील म्हणाला, "वेळ हवाय." दिला. आत गेले आणि बाहेर आले, एवढंच. लॅबमध्ये अर्धा दिवस सांगून गेले होते, पूर्ण गेला. सकाळची रक्तं माझ्याबरोबरच्या पोरीने बिचारीने एकटीने घेतली, उद्या तिला तोंड दाखवायचंय.
ज. आला होता. त्याला नवरा म्हणायचं जिवावर येतं, पण कागदावर अजून तोच शब्द आहे. शर्ट मी घेतलेला. हसला माझ्याकडे बघून. डोकं फिरलं.

१९ जून
दत्तकवाल्या बाईंना परत फोन केला. त्या बोलायला गोड, पण उत्तर तेच. एकट्या बाईला मूल मिळतं. घटस्फोट झालेलीला मिळतं. लग्न चालू असेल तर नवऱ्याची संमती लागते. म्हटलं, सव्वातीन वर्षं झाली, त्याने जोगेश्वरीच्या घराचं कुलूप बदलून मला बाहेर काढलं, मी दहिसरला भावाकडे राहते, हे चालू कसलं? "कागदावर चालू आहे ना ताई." आणि वय वाढलं की तान्हं मूल देत नाहीत, हेही सांगितलं. मी सदतीसची.
म्हणजे कोर्ट तारखा देत बसणार आणि इथे माझं वय वाढत राहणार.

९ जुलै
वाट लागली.
त्याच्या वकिलाने फोटो दाखल केला. गणपती २०२३, त्याच्या गावचं घर. मी नऊवारीत, हातात सूप, वाकून ज.च्या पाया पडतेय. सगळे हसतायत. नणंदेने तेव्हा ग्रुपवर टाकला होता, मीच खाली हात जोडल्याचा इमोजी टाकलेला.
मॅडम (माझ्या वकील) व्हरांड्यातच थांबल्या. "हे मला का नाही सांगितलंत?" सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. ओवसा तो! मॅडम नागपूरच्या. त्यांना समजावलं, कोकणात नव्या सुनेने गणपतीत सूप भरून गौरीपुढे ठेवायचं, मग घरातल्या सगळ्यांना वाण द्यायचं आणि पाया पडायचं. ओळीत तोही उभा होता. त्याला वगळून पुढे कशी जाणार होते मी?
मॅडम म्हणाल्या, "नवऱ्याने टाकलं म्हणून अर्ज केलाय आपण. त्यासाठी अर्जाआधीची सलग दोन वर्षं वेगळं राहिलेलं लागतं. ते म्हणतात, मधे एकत्र आलात, मागचं सगळं माफ झालं."
पाच दिवस. गणपतीचे.

१० जुलै
का गेले ते लिहून ठेवते, नाहीतर माझंच मला खोटं वाटायला लागेल.
आईंचा (सासूबाईंचा) फोन आला होता. कुलूप बदललं तेव्हा त्या घरातून फोन करणारी ही एकच बाई. लग्नाच्या वर्षी सुतक, पुढे करोना, मग आमची भांडणं. माझा ओवसा राहूनच गेलेला. म्हणाल्या, "माका तुझो ओवसो बघूचो आसा गो. येतलंस मां?" त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, काठी धरून चालत होत्या.
गेले. कोणी ओढून नेलं नाही. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं मला तिथे. त्या पाच दिवसांत ज. माझ्याशी दोन वाक्यं बोलला, त्यातलं एक मीठ दे.

६ ऑगस्ट
मॅडमच्या अंधेरीच्या ऑफिसात. उलटतपासणीची तयारी.
"ते विचारणार, स्वतःहून गेलात का. तुम्ही म्हणा, सासूने दबाव टाकला, भीती होती."
"दबाव नव्हता."
"फोन केला ना त्यांनी? मग नव्हता असं तरी कसं म्हणता?"
मॅडम वाईट नाहीत. त्यांना माझी केस जिंकायचीय, आणि मलाही.

७ ऑगस्ट
दादाला सांगितलं. तो म्हणे, "बोलून टाक ना यार! म्हातारी काय कोर्टात येऊन बसणारेय?" येणार नाही. पण ज. कागद नेऊन वाचून दाखवेल, एवढं मी त्याला ओळखते. सुनेने शपथेवर सांगितलं, सासूने छळून बोलावलं. त्या बाईने माझ्या केसांत स्वतः गजरा माळला होता.
आणि नाही बोलले तर? तर घटस्फोट नाही, म्हणजे मूलही नाही. दोन्हीकडून मीच अडकले. चीड येते. पाया पडले म्हणून माफ केलं, हा कुठला हिशोब?

१ सप्टेंबर
आज गौरी. आईंचा फोन आला. वाजू दिला. पहिल्यांदाच.

१७ सप्टेंबर
झालं.
पिंजऱ्यात उभी. त्याच्या वकिलाने फोटो पुढे धरला. "या तुम्हीच?" हो. "स्वतःच्या मर्जीने गेलात?"
मॅडम माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं, "हो. सासूबाईंनी प्रेमाने बोलावलं म्हणून त्यांच्यासाठी गेले. ह्याच्यासाठी नाही."
"हो की नाही, एवढंच सांगा."
"हो, पण—"
टाइप झालं. नंतर मॅडमनी उठून विचारलं, तिथे झोपायच्या कुठे? माजघरात, सगळ्या बायकांबरोबर. तेही टाइप झालं. कागद वाचायला दिला. त्यात लिहिलेलं, मी स्वतःच्या मर्जीने गेले, हे खरे आहे. आईंचं नाव कुठेच नाही. त्यांना वाईट ठरवलं नाही मी, पण चांगलंही कोणी लिहून घेतलं नाही. सही केली. मर्जी आणि माजघर, या दोन वाक्यांतलं कुठलं जड, ते आता न्यायाधीश ठरवणार. युक्तिवादाला नोव्हेंबरची तारीख.
मॅडम नीट बोलल्या नाहीत.
बाहेर ज. जवळ आला. "आईबद्दल वाकडं बोलली नाहीस. बरं वाटलं."
"मग संमतीच्या घटस्फोटावर सही दे ना रे. सोड मला."
"ते वेगळं," म्हणाला आणि लिफ्टच्या रांगेत जाऊन उभा राहिला. खाली जायला तेवढी एकच लिफ्ट चालू होती, म्हणून मीही त्याच्यामागे उभी राहिले.