मागच्या बाजूचं सॉकेट

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. बस जरा, मग वाच.

तुझा नवा डिस्क प्लेअर पाहिला. देखणा झालाय, खोटं कशाला बोलू! ट्रे असा अलगद सरकतो की मी उगाचच चार वेळा आतबाहेर केला. आपण बाबांच्या दुकानाच्या माळ्यावर पहिला प्लेअर जोडला, तेव्हा त्याचा ट्रे अडकायचा आणि तू चमच्यानं उचकटायचास, आठवतं? तेव्हा आपण दोघं किती हसायचो.

त्याच्या मागच्या डिजिटल सॉकेटवर मी चार वर्षं घातली. आणि तू मला न विचारता आपल्या कंपनीतर्फे डिस्क काढणाऱ्यांच्या परवान्याच्या करारावर सही करून आलास. संरक्षित डिस्क आत गेली की त्या सॉकेटमधून पूर्ण दर्जाचा आवाज बाहेर पडता कामा नये, कोणी नक्कल करील म्हणून. म्हणजे लोकांनी एवढं भारी यंत्र घ्यायचं आणि त्यातली सगळ्यात चांगली सोय आपणच मुकी करून द्यायची! मी आदळआपट केली, पण सॉकेट बंद करून दिलं. उघडं ठेवलं ते एकाच यंत्रात, बाबांच्या. त्यांचं कानाचं यंत्र त्यालाच जोडलेलं होतं. ते जड धूड त्यांच्या खोलीत उचलून नेलंस तू.

आणि परवानेवाल्यांचा तपासनीस आला, तेव्हा त्याला त्या खोलीत घेऊन गेलासही तूच. “हे ताईनं परस्पर केलंय, कंपनीला काही कल्पना नाही,” म्हणालास. मी दारातच उभी होते रे. तू मान वर केली नाहीस. तो प्लेअर जप्त झाला, मी कंपनीबाहेर. बाबा महिनाभर विचारत होते, “गाणं का लागत नाही गं?” नंतर त्यांनी विचारणंच सोडलं. ते गेले तेव्हा तू कुठल्याशा प्रदर्शनात होतास.

आता तुझा प्लेअर मी कुठे पाहिला, ते सांगते. परवान्याआधी यंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं नोकरी करतेय, सासरच्या आडनावानं. मागच्या सोमवारी तो माझ्या टेबलावर आला. ‘थांबा’ आणि ‘मागे’ ही बटणं एकदम दाबून ट्रे बंद केला की सॉकेट बोलायला लागतं. खास गिऱ्हाइकांसाठी ना? झाकण काढलं, तर आत माझंच सर्किट. तो नियम मला आजही मूर्खपणाचा वाटतो. तरी मी ‘नापास’ लिहिलं. अहवाल आज सकाळी गेला. तू माझा कोण, हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हे पत्र दाखव हवं तर, माझी नोकरी जाईल. मग तुझं यंत्र दुसरा कोणी तपासेल. कुठली बटणं दाबायची, ते मी त्याच्यासाठी लिहून ठेवलंय.

तुझीच सख्खी,
ताई