चावायचं न्हाई, गिळायचं

आबा, बाप असून तुमी मला फसवलं. एसटीच्या कंडक्टरपासनं आपल्या आज्जीपर्यंत समद्यांना फसवणारा म्या, आन तुमी मलाच बनवून गेला. इतकी वर्सं झाली, अजून पचत न्हाई.

तो कार्यक्रम आठवतोय? तुमी कापूरहोळच्या ढाब्यावर भाकऱ्या थापताय, म्या टीव्हीखाली बसलोय. बर्फाच्या समिंदरातला शिंगवाला देवमासा दम धरून किलोमीटरभर खाली, पार काळोखात जातो, तळाचा चपटा मासा तोंडानं ओढतो आन आख्खा गिळतो. चावायला एक दात न्हाई. जो हाय तो शिंग होऊन भाईर आलेला. म्या म्हनलो, "आबा, दात मिरवायला भाईर, आन जेवताना नुसतं बोळकं!" तुमी इतकं हसला की तव्यावरची भाकर करपली.

पुढं तुमी भाकर दुधात कुस्करायला लागला. म्या इचारलं, "म्हातारं झाला का काय?" तर म्हनला, "देवमासा झालोय. आता चावायचं न्हाई, गिळायचं." मग काय, मला खेळच घावला. दुपारचं गिऱ्हाईक गोळा करायचो, "या, या, भोरचा देवमासा जेवतोय!" तुमी डोळं मिटायचा, दम धरायचा, घास आत ओढायचा. तो खाली जाईस्तवर समदी गप. गेला की टाळ्या. तुमच्या डोळ्यात पाणी यायचं. म्या वरडायचो, "खारं पाणी हाय, समिंदरातलं!" तुमी बी हसायचा.

पुण्याच्या दवाखान्यात कळलं. डाक्टरनं आईला इचारलं, गिळायला त्रास कवापासनं, आन आईला समदं म्हाईत. भाईर येऊन तिच्यावर वरडलो तर म्हनली, "त्येंनी तुज्या गळ्याची शपथ घातली व्हती. पोराला कळलं तर ते हसायचं थांबंल, म्हनले." गाठ तुमच्या गळ्यात आन शपथ माझ्या. असं कसं केलं, आबा? मला टाळ्या वाजवायला लावल्या? म्या टवाळ हाय, दगड न्हाई. एकदा म्हनला असता, "पोरा, दुखतंय," तर समदी गिऱ्हाईकं हाकलली असती, कण्या शिजवून दिल्या असत्या. देवमासा खाली गेला तरी दम घ्यायला वर येतो. तुमी मला वर उभं करून, खेळ चाललाय म्हनून सांगून गेला.

परवा मोबाईलवर तोच देवमासा दिसला. शिंगानं माशाला टपली मारतो, मासा जागीच सुन्न, मग गिळतो. म्या हसत मागं वळलो तुमाला सांगाया. भट्टीवर दुसराच माणूस.

हे समदं तुमच्या नंबरला लिव्हलंय. पण तो नंबर आता आई वापरती, म्हनून पाठवत न्हाई. एक सांगतो. कवा कवा जेवताना म्या घास न चावता गिळून बघतो. अडकतो. आई इचारती, "काय झालं रं?"

म्या म्हनतो, काय न्हाई.